जुनं धार्मिक इंग्रजी थेट मराठीतून कसं वाचावं: उलटलेली वाक्यं सोडवण्याची पद्धत

“ग्रेट पीस हॅव्ह दे विच लव्ह दाय लॉ.” किंग जेम्स बायबलमधल्या ११९व्या स्तोत्राचं हे १६५वं वचन. यातला एकही शब्द कठीण नाही, तरी रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारा माणूसही इथे अडखळतो. आजच्या इंग्रजीची शिस्त डोक्यात पक्की बसलेली असते: क्रियापदाच्या आधी असेल तो कर्ता, नंतर असेल ते कर्म. त्या हिशेबानं ‘ग्रेट पीस’ कर्ता ठरतो आणि वाक्याचा अर्थ लागेनासा होतो. आता हीच ओळ शब्दांचा क्रम न हलवता मराठीत म्हणून बघा: “मोठी शांती असते त्यांना, जे तुझ्या नियमशास्त्रावर प्रेम करतात.” कुठेच अडत नाही.

या लेखातल्या पद्धतीचा गाभा हाच आहे. जुनं धार्मिक इंग्रजी आधी आजच्या इंग्रजीत बसवायचं आणि मग मराठीत आणायचं, हा लांबचा रस्ता झाला आणि त्या रस्त्यात बरंच सांडतं. आजच्या इंग्रजीनं तू आणि तुम्ही यांतला भेद टाकून दिला, ‘येवो-होवो’ची रूपं जवळजवळ सोडून दिली, कर्म हवं तेव्हा पुढे आणायची मोकळीक गमावली. मराठीत हे सगळं अजून रोजच्या वापरात आहे. म्हणून थेट मराठीतून वाचा. इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी, जुन्या प्रार्थनांचे अनुवादक, चर्चमधल्या इंग्रजी विवाहविधीला बसणारे पाहुणे, ब्रिटिशकालीन थडग्यांवरचे लेख वाचणारे हौशी अभ्यासक, अशा सगळ्यांना ही पद्धत उपयोगी पडेल.

सुरुवातीला कोणत्या काळाचं इंग्रजी ते ठरवून घेऊ. विल्यम टिंडलनं अनुवादलेला इंग्रजी नवा करार १५२६चा. चर्च ऑफ इंग्लंडचं प्रार्थनापुस्तक, म्हणजे ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’, पहिल्यांदा १५४९मध्ये निघालं आणि त्याची रूढ आवृत्ती १६६२ची. किंग जेम्स बायबल १६११चं. पण १६११च्या अनुवादकांना स्पष्ट सूचना होती की १५६८चं ‘बिशप्स बायबल’ पायाला धरा आणि त्यात गरजेपुरताच बदल करा. त्या बायबलच्या मागे टिंडल उभा होताच. त्यामुळे किंग जेम्सची भाषा छापली गेली तेव्हाच बरीचशी जुनी झालेली होती. लंडनच्या बाजारात १६११ साली लोक असंच बोलत होते, असं समजू नका.

याच काळात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९मध्ये गोव्यात आला आणि त्याचं मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६मध्ये छापलं गेलं. तो कॅथलिक, लॅटिन परंपरेतला. किंग जेम्सशी त्याचा संबंध जोडता येत नाही. पण त्या पिढीच्या इंग्रज माणसाला बायबलची कथा मराठीत घरच्यासारखी नांदवता आली, ही गोष्ट आपल्याला धीर देणारी आहे.

पहिली पायरी: क्रियापद शोधा आणि त्याचं शेपूट पाहा

वाक्य कितीही उलटं असो, आधी कर्ता शोधू नका. क्रियापद शोधा. त्याच्या शेवटी कर्त्याची खूण असते.

क्रियापदाला ‘-एस्ट’ किंवा ‘-स्ट’ लागलं असेल तर कर्ता ‘दाऊ’, म्हणजे तू. ‘-एथ’ लागलं असेल तर कर्ता तृतीय पुरुषी एकवचनी: तो, ती किंवा ते. वर्तमानकाळी क्रियापदाला यांतलं काहीच नसेल तर कर्ता बहुधा मी, आम्ही, तुम्ही किंवा ते (अनेक). शाळेत संस्कृत झालं असेल तर हे लक्षात ठेवणं अगदी सोपं आहे. ‘गच्छसि’मधला ‘सि’ आणि ‘गोएस्ट’मधला ‘स्ट’, ‘गच्छति’मधला ‘ति’ आणि ‘गोएथ’मधला ‘थ’ ही एकाच भाषाकुळातली भावंडं आहेत. काही क्रियापदं मात्र पाठच करावी लागतात. ‘आर्ट’, ‘हॅस्ट’, ‘डोस्ट’, ‘शॅल्ट’, ‘विल्ट’ दिसलं की ‘तू’. ‘हॅथ’ आणि ‘डथ’ दिसलं की ‘तो, ती, ते’.

वरच्या ओळीवर ही चाचणी लावून पाहा. ‘ग्रेट पीस’ एकवचनी आहे. तो कर्ता असता तर क्रियापद ‘हॅथ’ आलं असतं. आलं आहे ‘हॅव्ह’. म्हणजे शांती कर्ता नव्हे. मग कर्ता कोण? क्रियापदाला चिकटून पुढे ‘दे’ उभं आहे, तेच.

आता जरा कठीण ओळ घेऊ. प्रेषितांची कृत्ये, ३:६. मंदिराच्या दाराशी जन्मापासून पांगळा असलेला एक माणूस भीक मागतो आहे. पेत्र त्याला म्हणतो: “सिल्व्हर अँड गोल्ड हॅव्ह आय नन, बट सच ॲज आय हॅव्ह गिव्ह आय दी.” दुसऱ्या अर्ध्या भागात ‘हॅव्ह गिव्ह’ ही दोन क्रियापदं शेजारी शेजारी आली आहेत आणि बहुतेकांची गाडी तिथेच थांबते. ‘हॅव्ह गिव्हन’ चुकून असं छापलंय का, अशी शंकाही येते. चूक काही नाही. पेन्सिल घ्या आणि त्या दोन शब्दांच्या मधे एक उभी रेघ मारा. रेघेच्या अलीकडे ‘सच ॲज आय हॅव्ह’, म्हणजे जे काही माझ्याजवळ आहे ते. हे सगळं मिळून कर्म. पलीकडे ‘गिव्ह आय दी’, म्हणजे देतो मी तुला. “सोनं-रूपं माझ्याजवळ नाही, पण जे आहे ते देतो मी तुला.” मराठीत आपण असंच बोलतो, कर्म पुढे, क्रिया मागे. आजच्या इंग्रजीत आणताना मात्र ‘आय गिव्ह यू व्हॉट आय हॅव्ह’ करावं लागतं आणि पेत्राच्या बोलण्यातला जोर तिथेच विरतो. त्याच्याजवळ काय नाही ते आधी, काय आहे ते नंतर, आणि ‘तुला’ अगदी शेवटी: हा क्रम त्या क्षणाचा आहे.

दोन क्रियापदं शेजारी आली की मधे रेघ मारायची, ही सवय लावून घ्या. निम्मी कोडी तिथेच सुटतात.

दुसरी पायरी: सर्वनामांचं रूप तपासा

इंग्रजी नामांना विभक्तिप्रत्यय उरलेले नाहीत, पण सर्वनामांत त्या खुणा शिल्लक आहेत. उलटलेल्या वाक्यात कोण कोणाला काय करतंय हे त्यांच्यावरूनच कळतं. ‘दाऊ’ म्हणजे तू, ‘दी’ म्हणजे तुला. ‘यी’ म्हणजे तुम्ही, ‘यू’ म्हणजे तुम्हांला. ‘दाय’ आणि ‘दाइन’ दोन्ही म्हणजे तुझा. पुढचा शब्द स्वरानं सुरू होत असेल तर बहुधा ‘दाइन’ येतं.

रोमकरांस पत्र, ९:१३: “जेकब हॅव्ह आय लव्हड, बट ईसॉ हॅव्ह आय हेटेड.” दोन्ही नामं क्रियापदाच्या आधी आहेत, पण ‘आय’ हे कर्त्याचंच रूप असल्यामुळे याकोब आणि एसाव ही कर्मं ठरतात. याकोबावर मी प्रेम केलं, एसावाचा मी द्वेष केला.

इथे मराठी वाचकाला एक सापळा आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं. ‘यी’ आणि ‘यू’ पाहिलं की आपल्याला आदरार्थी ‘तुम्ही’ वाटतं. किंग जेम्समध्ये तसं नाही. तिथे ‘दाऊ’ म्हणजे एकच माणूस आणि ‘यी’ म्हणजे अनेक माणसं, बस्स. मान-अपमानाचा प्रश्नच नाही. दानीएल प्रत्यक्ष नबुखद्नेस्सर राजाला म्हणतो, “दाऊ, ओ किंग, आर्ट अ किंग ऑफ किंग्ज.” मराठीत उतरवताना इथे ‘महाराज, आपण’ करायचं की ‘हे राजा, तू’ करायचं, हे अनुवादकानं ठरवावं, पण मूळ इंग्रजीत उद्धटपणा आहे असं समजू नये. देवाला ‘दाऊ’ म्हटलेलं मात्र मराठी कानाला अजिबात खटकत नाही. विठ्ठलाला कोण ‘तुम्ही’ म्हणतं?

हा एकवचन-अनेकवचनाचा भेद किती कामाचा आहे, ते लूकच्या २२व्या अध्यायात पाहा. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू म्हणतो: “सायमन, सायमन, बिहोल्ड, सेटन हॅथ डिझायर्ड टू हॅव्ह यू, दॅट ही मे सिफ्ट यू ॲज व्हीट: बट आय हॅव्ह प्रेड फॉर दी, दॅट दाय फेथ फेल नॉट.” हाक एकट्या शिमोनाला मारली आहे, पण सैतानानं मागितलं आहे ‘यू’, म्हणजे तुम्हां सगळ्यांना. आणि प्रार्थना केली आहे ‘दी’साठी, म्हणजे तुझ्या एकट्यासाठी. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’ येतं आणि हा सगळा भेद पुसला जातो. मराठीत तो जसाच्या तसा राहतो: सैतानानं तुम्हांला गव्हासारखं चाळायला मागितलं आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. माझ्या मते जुनं धार्मिक इंग्रजी मुळातून शिकण्याचं सर्वांत मोठं कारण हेच एक वचन आहे.

तिसरी पायरी: पुढे काय ओढलं आहे ते ओळखा

जुन्या इंग्रजीत वाक्याची सुरुवात कर्त्याऐवजी दुसऱ्या कशानं झाली, तर क्रियापद उडी मारून कर्त्याच्या आधी यायचं. जर्मन आणि डचमध्ये हा नियम आजही आहे. म्हणूनच बायबलमध्ये “देन केम पीटर”, “देन आन्सर्ड पीटर” अशी वाक्यं सतत येतात. आपल्याकडच्या जुन्या इंग्रजी थडग्यांवर दिसणारं “हिअर लायेथ द बॉडी ऑफ...” याच घडणीचं आहे. ‘इथे’ पुढे, ‘पहुडलं आहे’ मधे, ‘शरीर’ शेवटी. ‘लायेथ’मधला ‘एथ’ सांगतो की कर्ता एकवचनी, म्हणजे ‘बॉडी’. पुढे चार जणांची नावं असली तरी.

या पायरीसाठी उत्पत्तीचा पहिला अध्याय समोर ठेवा. २७वं वचन: “सो गॉड क्रिएटेड मॅन इन हिज ओन इमेज, इन द इमेज ऑफ गॉड क्रिएटेड ही हिम, मेल अँड फीमेल क्रिएटेड ही देम.” एकाच वचनात पहिला तुकडा सरळ आणि पुढचे दोन उलटे. ‘क्रिएटेड ही हिम’मध्ये ‘ही’ कर्ता, ‘हिम’ कर्म; क्रमावर जाऊ नका, रूपावर जा. हा उलटा क्रम अनुवादकांनी शोभेसाठी केलेला नाही. मूळ हिब्रूतही ‘देवाच्या प्रतिरूपात’ हे आधी आणि ‘निर्माण केलं त्याला’ हे नंतर आहे. जोर प्रतिरूपावर आहे. मराठीत तो राखायचा तर ‘च’ हा आपला हुकमी शब्द आहे: “देवाच्याच प्रतिरूपात त्यानं त्याला निर्माण केलं.”

याच अध्यायातलं ५वं आणि १०वं वचन शेजारी ठेवून वाचा. ५व्यात आहे “अँड द डार्कनेस ही कॉल्ड नाइट”. १०व्यात आहे “अँड द गॅदरिंग टुगेदर ऑफ द वॉटर्स कॉल्ड ही सीज”. कर्म दोन्हीकडे पुढे ओढलं आहे, पण एकीकडे ‘ही कॉल्ड’ आणि दुसरीकडे ‘कॉल्ड ही’. हिब्रूत दोन्ही ठिकाणी रचना एकच आहे. याचा अर्थ, त्या काळापर्यंत हा उलटा क्रम सक्तीचा राहिला नव्हता; लेखणीला जे सुचलं ते आलं, कदाचित कानाला जे बरं वाटलं ते. म्हणून प्रत्येक उलट्या वाक्यामागे खोल अर्थ शोधत बसू नका. काय पुढे ओढलं आहे, याला अर्थ असतो. क्रियापद कर्त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, याला बहुतेक वेळा नसतो. प्रवचनकार आणि विद्यार्थी दोघेही इथे नको तेवढं वाचतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

एक उपयोगी खूण: किंग जेम्सच्या नेहमीच्या छापील आवृत्त्यांत काही शब्द तिरप्या टायपात असतात. ते जोर देण्यासाठी नसतात. मूळ भाषेत नसलेले, पण इंग्रजी वाक्य पुरं करायला अनुवादकांनी घातलेले ते शब्द. “द लॉर्ड इज माय शेपर्ड”मधला ‘इज’ असाच तिरपा असतो. हिब्रूत तिथे क्रियापदच नाही. वाक्य गुंतलेलं वाटलं तर तिरपे शब्द क्षणभर झाकून उरलेलं वाचा, मूळचा सांगाडा दिसतो.

चौथी पायरी: नकार आणि प्रश्न

ही पायरी मराठी माणसाला फुकटात मिळते. आजचं इंग्रजी नकारासाठी आणि प्रश्नासाठी ‘डू’ मागतं. जुनं इंग्रजी बहुधा मागत नाही, मराठीही मागत नाही. “आय नो नॉट”: जाणत नाही मी. “व्हूम सीक यी?”: कोणाला शोधता? “बिलीव्हेस्ट दाऊ दिस?”, हा मार्थेला विचारलेला प्रश्न: विश्वास ठेवतेस का यावर? नकाराचा शब्द क्रियापदाच्या मागे, जसा आपला ‘नाही’.

एवढंच लक्षात ठेवायचं की कर्म सर्वनाम असेल तर ते ‘नॉट’च्या आधी येतं. योहानाच्या पहिल्या अध्यायात आहे “द वर्ल्ड न्यू हिम नॉट” आणि “हिज ओन रिसीव्हड हिम नॉट”. प्रभूच्या प्रार्थनेतलं “लीड अस नॉट इनटू टेम्प्टेशन” तसंच. कर्म नाम असेल तर ते ‘नॉट’च्या नंतर: “आय रिसीव्ह नॉट ऑनर फ्रॉम मेन”.

याच्या उलट, जिथे गरज नाही तिथे ‘डिड’ येतं. एदेन बागेत आदाम म्हणतो, “अँड आय डिड ईट.” आजच्या कानाला हे ‘हो, खाल्लंच मी!’ असं वाटतं. तसा ठसका त्यात नाही. ‘मी खाल्लं’, एवढंच.

पाचवी पायरी: ‘-ओ’कारान्त इच्छा

तृतीय पुरुषी एकवचनी कर्ता आहे, तरी क्रियापदाला ‘-एथ’ नाही, असं दिसलं तर छपाईची चूक समजू नका. तिथे इच्छा, आशीर्वाद किंवा अनिश्चितता असते. “दाय किंगडम कम” म्हणजे तुझं राज्य येतं असं नव्हे. तुझे राज्य येवो. “हॅलोड बी दाय नेम”: तुझे नाव पवित्र मानले जावो. “द लॉर्ड ब्लेस दी, अँड कीप दी”: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे रक्षण करो. मराठी बायबल आणि चर्चमधल्या मराठी प्रार्थना ही ‘येवो, जावो, होवो’ची रूपं आजही रोज वापरतात. आजच्या इंग्रजीत ‘मे’ची कुबडी घ्यावी लागते.

या पायरीचा सगळ्यात सुंदर नमुना प्रार्थनापुस्तकातल्या विवाहविधीत आहे आणि तो आजही लग्नांत ऐकू येतो: “टिल डेथ अस डू पार्ट.” सिनेमांमुळे हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पण नीट उकललेलं फार थोड्यांनी असतं. ‘अस’ हे कर्माचं रूप, म्हणून ‘आम्ही वेगळे होतो’ असा अर्थ निघूच शकत नाही. कर्ता ‘डेथ’. मृत्यू एकवचनी असूनही ‘डथ’ न येता ‘डू’ आलं, कारण गोष्ट अजून घडायची आहे. आता शब्दशः मराठी करा: मृत्यू – आम्हांला – वेगळं करेपर्यंत. कर्ता, कर्म, क्रियापद. हा क्रम सरळसरळ मराठीचा आहे. १५४९च्या पुस्तकात इथे ‘टिल डेथ अस डिपार्ट’ होतं. ‘डिपार्ट’चा जुना अर्थ विलग करणं. पुढे त्याचा अर्थ ‘निघून जाणं’ असा स्थिरावला, म्हणून १६६२मध्ये ‘डू पार्ट’ केलं गेलं. आवाज जवळजवळ तोच ठेवून अर्थ वाचवला, याचं मला फार कौतुक वाटतं.

त्याच विधीत अंगठी घालताना म्हणायचं वाक्य: “विथ दिस रिंग आय दी वेड.” या अंगठीनं मी तुला वरतो. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही.

सहावी पायरी: जो-तो लावा

लांब वाक्यांत सर्वाधिक गोंधळ संबंधी उपवाक्यांमुळे होतो. उपाय एकच: ‘ही दॅट’, ‘व्हूम’, ‘व्हॉट’, ‘दोज व्हूम’ दिसलं की लगेच ‘जो’ म्हणा आणि ‘तो’ कुठे आहे ते शोधा.

“ही दॅट हॅथ इअर्स टू हिअर, लेट हिम हिअर.” ज्याला ऐकायला कान आहेत, तो ऐको. “व्हूम द लॉर्ड लव्हेथ ही चेसनेथ.” ज्याच्यावर प्रभू प्रेम करतो, त्याला तो शिस्त लावतो. इथे दोन क्रियापदांच्या मधे ‘ही’ आला आहे, रेघ त्याच्या आधी मारायची. विवाहविधीतलं “दोज व्हूम गॉड हॅथ जॉइन्ड टुगेदर लेट नो मॅन पुट असंडर” तसंच: ज्यांना देवानं जोडलं, त्यांना कोणी माणसानं तोडू नये.

आणि “अवर फादर विच आर्ट इन हेवन”. दोन गोष्टी खटकतात. माणसासाठी ‘विच’ कसं? त्या काळी चालत होतं. पुढे अमेरिकेत आणि इतरत्र ‘हू’ केलं गेलं. आणि ‘इज’ न येता ‘आर्ट’ का? कारण हे संबोधन आहे, पित्याशी समोरासमोर बोलणं चालू आहे: आमच्या पित्या, जो तू स्वर्गात आहेस.

मधेच दोन छोट्या गोष्टी

“ही इज रिझन”, “माइन अवर इज नॉट येट कम”. येणं-जाणं-उठणं अशा क्रियांना ‘हॅज’ऐवजी ‘इज’ लागतं. आपलं ‘उठला आहे’, ‘आली नाही’ तसंच; कर्मणी प्रयोग समजू नका.

शब्दांचे बदललेले अर्थ हा वेगळा विषय आहे, पण तीन शब्द वाक्यरचनेचा भास बिघडवतात म्हणून नोंदवतो. ‘सफर’ म्हणजे पुष्कळदा येऊ देणं, ‘प्रिव्हेंट’ म्हणजे आधी जाणं आणि ‘लेट’ म्हणजे क्वचित अडवणं.

सातवी पायरी: पद्यात यमकाकडे पाहा

गद्यातला उलटा क्रम व्याकरणाचा किंवा मूळ भाषेचा असतो. गीतातला बहुधा वृत्ताचा आणि यमकाचा. दोन्हींना एकच माप लावू नका.

२३वं स्तोत्र किंग जेम्समध्ये असं आहे: “ही मेकेथ मी टू लाय डाउन इन ग्रीन पाश्चर्स: ही लीडेथ मी बिसाइड द स्टिल वॉटर्स.” सरळ गद्य. हेच १६५०च्या स्कॉटिश स्तोत्रसंग्रहात गाण्यासाठी बांधलं तेव्हा झालं: “ही मेक्स मी डाउन टू लाय / इन पाश्चर्स ग्रीन: ही लीडेथ मी / द क्वायट वॉटर्स बाय.” ‘लाय’ आणि ‘बाय’ यांचं यमक जुळवायचं म्हणून ‘डाउन’ पुढे सरकला आणि ‘बाय’ थेट ओळीच्या शेवटी गेला. इंग्रजी वाचक या शेवटच्या ‘बाय’पाशी ठेचाळतो. मराठी वाचकाला तो ‘पाशी’ म्हणून वाचता येतो: शांत पाण्यापाशी. आपली शब्दयोगी अव्ययं नेहमी मागेच लागतात. एकाच कडव्यात ‘मेक्स’ आणि पुढे ‘लीडेथ’ का, तर एका अक्षरानं मात्रा कमी-जास्त होते म्हणून. अर्थात फरक शून्य.

दुसरं उदाहरण भारतात पुष्कळांच्या कानावरून गेलेलं आहे. हेन्री फ्रान्सिस लाइट यांचं १८४७चं “अबाइड विथ मी” गांधीजींना प्रिय होतं आणि २०२२मध्ये वगळलं जाईपर्यंत दिल्लीच्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यात त्याची धून वाजत असे. त्याची सुरुवात: “अबाइड विथ मी, फास्ट फॉल्स द ईव्हनटाइड, / द डार्कनेस डीपन्स, लॉर्ड, विथ मी अबाइड.” पहिल्या ओळीत ‘अबाइड विथ मी’, दुसरीच्या शेवटी ‘विथ मी अबाइड’. तेच शब्द, उलटून, ‘ईव्हनटाइड’शी यमक साधायला. ‘फास्ट फॉल्स द ईव्हनटाइड’ मात्र तिसऱ्या पायरीतलं: झरझर उतरते आहे सांज. क्रियाविशेषण पुढे, क्रियापद मधे, कर्ता मागे.

सगळ्या पायऱ्या एकत्र: एक पूर्ण प्रार्थना

आता प्रार्थनापुस्तकातल्या प्रभुभोजनाच्या विधीच्या सुरुवातीची प्रार्थना घेऊ. “ऑलमायटी गॉड, अन्टू व्हूम ऑल हार्ट्स बी ओपन, ऑल डिझायर्स नोन, अँड फ्रॉम व्हूम नो सीक्रेट्स आर हिड: क्लेन्झ द थॉट्स ऑफ अवर हार्ट्स बाय द इन्स्पिरेशन ऑफ दाय होली स्पिरिट, दॅट वी मे पर्फेक्टली लव्ह दी, अँड वर्दिली मॅग्निफाय दाय होली नेम, थ्रू क्राइस्ट अवर लॉर्ड. आमेन.”

हे सगळं एकच वाक्य आहे. घाबरायचं नाही, क्रियापदं टिपायची: बी, आर, क्लेन्झ, लव्ह, मॅग्निफाय. यांतलं मुख्य कोणतं? ज्याला कर्ताच नाही ते, ‘क्लेन्झ’. ती आज्ञार्थी विनंती: शुद्ध कर. वाक्याचा कणा सापडला. त्याच्या आधीचं सगळं संबोधन, नंतरचं सगळं हेतू.

संबोधनात ‘अन्टू व्हूम’ आणि ‘फ्रॉम व्हूम’ ही दोन ‘ज्या’ची उपवाक्यं आहेत: ज्याच्यापुढे, ज्याच्यापासून. पहिल्यातलं ‘बी’ मात्र पाचव्या पायरीतलं वाटून फसवेल. ‘सगळी अंतःकरणं उघडी होवोत’ असा त्याचा अर्थ नाही. अनेकवचनी कर्त्याबरोबर ‘आर’च्या जागी साधं ‘बी’ वापरायची रीत त्या काळी होती. शेजारीच ‘सीक्रेट्स आर हिड’ आहे, त्यावरून खात्री पटते: दोन्हीकडे वस्तुस्थिती सांगितली आहे, इच्छा नाही. ‘ऑल डिझायर्स नोन’ला क्रियापदच नाही, आधीचं ‘बी’ तिथे गृहीत धरायचं. ‘दॅट’ म्हणजे इथे ‘की’ नव्हे. त्याच्यामागे ‘मे’ आहे, म्हणून ‘म्हणजे मग’ किंवा ‘यासाठी की’. विसर्गचिन्हासारख्या जुन्या विरामचिन्हांकडे श्वास घेण्याची जागा म्हणून पाहायचं, यादीची सुरुवात म्हणून नव्हे.

मराठी आपोआप उतरते: “हे सर्वसमर्थ देवा, ज्याच्यापुढे सगळी अंतःकरणं उघडी आहेत, सगळ्या इच्छा ज्ञात आहेत आणि ज्याच्यापासून कोणतंही गुपित लपलेलं नाही, तुझ्या पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनं आमच्या अंतःकरणातले विचार शुद्ध कर, म्हणजे आम्ही तुझ्यावर पूर्णत्वानं प्रेम करू आणि तुझ्या पवित्र नावाचा यथायोग्य महिमा गाऊ, आमचा प्रभू ख्रिस्त याच्याद्वारे. आमेन.” मूळ ज्या क्रमानं देवाकडे जातं, त्याच क्रमानं मराठीही गेली.

सराव कुठून सुरू करावा

मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. वाक्यं छोटी, घटना भराभर, ‘अँड’नं एकमेकांना बांधलेली. पेन्सिल हातात ठेवा: क्रियापदाखाली रेघ, शेपटाला गोल, शेजारी आलेल्या दोन क्रियापदांच्या मधे उभी रेघ. मोठ्यानं वाचा, कारण हे मजकूर सभेत वाचले जाण्यासाठीच घडवले होते आणि डोळ्याला न सापडलेला विराम जिभेला सापडतो. मग उत्पत्तीचे पहिले चार अध्याय, नंतर योहान. स्तोत्रं त्यापुढे, तिथे दोन ओळींत एकच गोष्ट दोनदा सांगितलेली असते, त्यामुळे एक ओळ अडली तर जोडीची ओळ तिचा अर्थ सांगते. प्रार्थनापुस्तकातल्या छोट्या प्रार्थना रोज एक अशा घ्या आणि प्रत्येकीत आधी ‘क्लेन्झ’सारखं बिनकर्त्याचं क्रियापद शोधा.

पौलाची पत्रं सर्वांत शेवटी. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातली ३ ते १४ ही वचनं मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहेत आणि किंग जेम्सनं त्याची लांबी बऱ्याच अंशी तशीच ठेवली आहे. त्या उताऱ्याला हात घालाल तेव्हा एका कागदावर डावीकडे सगळी क्रियापदं उतरवा, उजवीकडे प्रत्येकाचा कर्ता लिहा, आणि ‘ज्याच्यात’, ‘ज्यानं’, ‘ज्याच्याद्वारे’ असे बाण काढत जा. बहुतेक बाण ख्रिस्ताकडेच वळतील.